कोइमतूरच्या मराठी माणसाने तमिळ का शिकू नये?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, त्यात फेरफार करणारा १७ जूनचा निर्णय आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा, या साऱ्या काळात आणि त्यानंतरही आपल्या पत्रस्तंभातून एक भूमिका सातत्याने मांडली गेली. जो महाराष्ट्रात राहतो आणि इथे कमावतो त्याने मराठी शिकली पाहिजे, इथल्या रीतीभातींचा मान राखला पाहिजे, ही ती भूमिका. मला ती पूर्णपणे मान्य आहे. मात्र परराज्यात स्थायिक झालेला मराठी माणूस म्हणून मला तिचा पुढचा भाग मांडावासा वाटतो, कारण तो आपल्याकडे फारसा कोणी मांडत नाही. जो दंडक आपण मुंबई-पुण्यात येणाऱ्यांना लावतो, तो आपण चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद किंवा कोइमतूरला गेल्यावर स्वतःला लावतो का? माझ्या पाहण्यातले उत्तर असे आहे की, आपल्यातले काही लोक तो अगदी काटेकोरपणे लावतात आणि ज्यांच्याकडून त्याची सर्वात जास्त अपेक्षा करावी ते मात्र लावत नाहीत.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत उमेदवारी केली आणि पुढे नोकरीनिमित्त कोइमतूरला आलो, तो इथेच राहिलो. कोल्हापूरच्या माणसाला हे शहर पहिल्या दिवशी परके वाटतच नाही. दोन्हीकडे ओतकामाच्या भट्ट्या, दोन्हीकडे पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंगे, दोन्हीकडे वाळू, कोअर आणि रिजेक्शन यांचीच चर्चा. इकडच्या सूतगिरण्यांचे सूत इचलकरंजीच्या मागांवर चढते. सांगलीत हळदीचा जसा बाजार, तसा इथून जवळच्या इरोडला, आणि दोन्ही ठिकाणच्या हळदींना भौगोलिक मानांकनही लाभलेले आहे. जेवणात शेंगतेल आहे. ‘दक्षिणेत नुसता भात’ ही समजूत घेऊन आलेल्याला थोड्याच दिवसांत कळते की, कोंगुनाड म्हणून ओळखला जाणारा हा सारा टापू मुळात कोरडवाहू असून इथला जुना शेतकरी ज्वारी, बाजरी आणि नाचणीवरच जगत आला आहे. धंदा आणि शिवार इतके ओळखीचे असल्यामुळेच बहुधा, फरक जिथे आहेत तिथे आपला माणूस बेसावध सापडतो.

पहिला फरक आडनावाचा. आपल्याकडे दोन अनोळखी माणसे भेटली की, नाव सांगून होते न होते तोच ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तमिळनाडूत बहुसंख्य लोक आडनाव लावतच नाहीत. स्वतःचे नाव आणि त्याच्या आधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, एवढ्यावर शाळेच्या दाखल्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत सारे व्यवहार होतात. यामागे इतिहास आहे. समाजसुधारक पेरियार यांनी चालवलेल्या जातिविरोधी स्वाभिमान चळवळीच्या १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिवाचक उपनावे टाकून देण्याचा ठराव झाला, पेरियारांनी स्वतःचे उपनाव सोडले आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ही गोष्ट साऱ्या समाजात मुरली. त्यामुळे आपण सहज विचारलेले आडनाव समोरच्याला जात विचारल्यासारखे वाटते, आणि खरे सांगायचे तर आपल्याकडेही या प्रश्नामागे पुष्कळदा तोच हेतू असतो. इकडे पहिल्या भेटीत गाव विचारतात. कोणत्या जिल्ह्यातले, तिथे अजून घर आहे का, सणाला जाता का, अशी चौकशी होते. कोल्हापूर म्हटले की इथल्या वडीलधाऱ्या मंडळींना महालक्ष्मीचे देऊळ आठवते. तिरुपतीहून नवरात्रात अंबाबाईला शालू येतो, हेही अनेकांना ठाऊक असते. एवढ्या आयत्या ओळखीचा उपयोग करून घ्यायचे सोडून आपण आडनावाशी का अडावे?

दुसरा फरक बोलण्याच्या पट्टीचा आहे. कोइमतूरची तमिळ तिच्या अदबीसाठी साऱ्या तमिळनाडूत ओळखली जाते. इथे चहाच्या टपरीवरच्या पोऱ्यालाही ‘या’, ‘बसा’ असे आदरार्थी बोलतात, होकार देतानाही शेवटी आदराचा प्रत्यय जोडतात आणि वयाने लहान माणसाशीही हीच पद्धत ठेवतात. आम्हा कोल्हापूरकरांचे बोलणे कसे असते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आमच्या आपुलकीचा आवाज आणि भांडणाचा आवाज यांत परक्या माणसाला काही भेद कळत नाही. भट्टीजवळच्या गोंगाटात ‘आरं, हिकडं बघ की’ ही हाक जिव्हाळ्याने दिलेली असली, तरी इथल्या कामगाराला तिच्यात चारचौघांत केलेला पाणउताराच ऐकू येतो. महाराष्ट्रातून आलेल्या सुपरवायझरांबद्दल इथल्या कारखान्यांत जी कुरकूर कानावर येते, तिच्यात पगार किंवा कामाचे तास क्वचितच असतात. बहुतेक वेळा तक्रार त्यांच्या तोंडाची असते.

देवांच्या बाबतीत तर मोठी गंमत आहे. महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, इतका की कार्तिकी पौर्णिमेचा कृत्तिकायोग सोडला तर स्त्रियांनी त्याचे दर्शन घेऊ नये असा जुन्या घरांतून रिवाज आहे. गणपतीच्या दोन्ही बाजूंना मात्र आपण ऋद्धि-सिद्धी उभ्या करतो. तमिळ मुलखात नेमके उलटे आहे. इथे पिळ्ळैयार म्हणजे गणपती ब्रह्मचारी, आणि मुरुगन म्हणजे कार्तिकेय, त्याला वळ्ळी आणि देवसेना अशा दोन पत्नी. तो तर तमिळ माणसाचा सर्वात लाडका देव. शहराजवळच्या मरुदमलैच्या टेकडीवर त्याचे देऊळ आहे आणि बायका तिथे मुलाबाळांसह निःशंक जातात. कोल्हापूर-सांगलीहून मुलाकडे राहायला आलेल्या आज्या-आत्या त्या पायऱ्यांपाशी थबकतात, सुनेला बाजूला घेऊन हळूच विचारतात आणि मग बहुतेकजणी वर जातात. सहा महिने इथे काढलेली अशी आजी पुढे मंगळवारी स्वतःहून मरुदमलैला जायचा हट्ट धरते. जुन्या वळणाची माणसे बदलायला तयार नसतात, असे आपण उगाच म्हणतो. माझा अनुभव असा की, देव आणि स्वयंपाक या दोन गोष्टींत आपल्या वृद्ध स्त्रिया जितक्या लवकर रुळतात, तितके त्यांचे पदवीधर मुलगे रुळत नाहीत.

पंचांगाचाही घोळ होतो, आणि तो समजून घेतला नाही तर शेजारधर्मात विनाकारण कटुता येते. तमिळ महिने सौर आहेत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आडि महिना असतो आणि त्यात लग्न, गृहप्रवेश यांसारखी मंगलकार्ये करीत नाहीत. आपला श्रावण पुष्कळदा याच काळात सुरू होतो. श्रावणाच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हौसेने नव्या घराची वास्तुशांत करणाऱ्या मराठी कुटुंबाकडे तमिळ शेजारी फिरकत नाहीत आणि मग ‘ही माणसे आपल्यात मिसळत नाहीत’ असा ग्रह होऊन बसतो. वास्तविक आडि महिन्याच्या चाली आपल्याला परक्या वाटायचे कारण नाही. नव्या नवरीने या महिन्यात माहेरी जायचे, ही इकडची पद्धत म्हणजे आपला आखाडच की. आडित पेरणी साधावी, अशी इथल्या शेतकऱ्याची म्हण आहे, आणि कापडाच्या दुकानांत तेव्हाच मोठी सूट असते, कारण लग्नसराई नसल्याने गिऱ्हाईक थंडावलेले असते.

दिवाळी हा त्याहून जिव्हाळ्याचा विषय. तमिळनाडूची दिवाळी एका दिवसाची आणि तो दिवस नरकचतुर्दशीचा. पहाटे तेल लावून स्नान, नवे कपडे, फराळ, फटाके. आपली पहिली अंघोळ आणि यांची दिवाळी ही एकच गोष्ट आहे, तर उत्तरेकडचा मुख्य दिवस लक्ष्मीपूजनाचा. म्हणजे या बाबतीत आपण दक्षिणेच्याच पंगतीला बसतो. अडचण आहे ती सुट्टीची. महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची लांब सुट्टी असते. इथे एक दिवस, फार तर त्याला जोडून आलेला आणखी एखादा. मोठी सुट्टी सप्टेंबरअखेरच्या परीक्षेनंतर, नाताळाच्या सुमारास आणि उन्हाळ्यात, शिवाय जानेवारीच्या मध्यात पोंगलचे दिवस. त्यामुळे दिवाळीला गावी जायचे या हिशेबाने घडलेले आपले अख्खे कौटुंबिक वर्ष इथे आल्यावर विस्कटते. आजी-आजोबांकडे मुले दिवाळीत नसणे, भाऊबीज आठवडाभर पुढे-मागे करणे, किल्ला गॅलरीत उरकणे, या गोष्टी दिसायला किरकोळ वाटतात. पण परमुलखात गेलेल्या कुटुंबाला टोचतात त्या याच. ज्यांनी पोंगलच्या सुट्टीत गावी जाण्याचा रिवाज पाडून घेतला, त्यांना संक्रांत घरच्यांबरोबर मिळते. भोगी तर दोन्हीकडे एकाच दिवशी असते.

लग्नसंबंधांविषयी इथे येणारा मराठी माणूस नाक मुरडतो, त्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. तमिळ समाजात मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न होते, हे ऐकून तो चकित होतो. मात्र मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही रीत त्याच्याच गावात अनेक समाजांत चालत आलेली असते आणि उत्तर भारतीय माणूस तिच्याकडे तशाच नजरेने पाहतो. इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राची गणना उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात केली होती. इथे राहताना त्याचा प्रत्यय वारंवार येतो. नवरात्रात इथल्या घरांतून पायऱ्या मांडून बाहुल्यांचा गोलू सजवतात आणि सवाष्णींना बोलावून हळद, कुंकू, पान-सुपारी देतात. चैत्रगौरीच्या आराशीत वाढलेल्या मराठी बाईला त्यात काय समजावून सांगावे लागते? कारखान्यातली आयुधपूजा नवमीला होते, आणि तीच आपली खंडेनवमी. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातून मराठी कीर्तन तमिळ हरिकथेत मिसळले, बृहदीश्वराच्या देवळात मराठी शिलालेख कोरला गेला, आणि आजही कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटाकडे एखादा अभंग आला तर सारी सभा टाळ्यांनी ठेका धरते. इतकी सोयरीक असलेल्या मुलखात आपल्याला परके वाटत असेल, तर कारण चालीरीतींत शोधून सापडणार नाही. आपल्याला भाषा येत नाही, हे त्याचे कारण आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोइमतूर हे सोन्याच्या दागिन्यांच्या घडणीचे मोठे केंद्र आहे. राजा स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांत सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले आणि साताऱ्याच्या खटाव-माणमधले गलाई व्यावसायिक आहेत. जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करणे हा त्यांचा धंदा. दुष्काळी पट्ट्यातून ही मंडळी काश्मीरपासून केरळपर्यंत पसरली आहेत, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. शाळा बेताचीच झालेली ही माणसे अस्सल कोंगु ढंगाची तमिळ बोलतात. नुसती कामचलाऊ नव्हे, तर घासाघीस करता येईल, विनोद करता येईल आणि मयताला जाऊन चार शब्द बोलता येतील अशी. दुसऱ्याचे सोने आपल्या मुशीत घ्यायचे म्हणजे सारा व्यवहार विश्वासाचा, आणि तो विश्वास दुभाष्यामार्फत मिळत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. त्यांच्या बायका भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडतात, फूलवालीकडून मोगऱ्याचा गजरा इथल्या रीतीने हातावर मोजून घेतात, आणि घरात विट्याकडची मराठी जशीच्या तशी चालू असते. गावच्या यात्रेला दुकान बंद ठेवून जाणारी हीच माणसे आहेत. तमिळ शिकल्यामुळे त्यांचे मराठीपण कुठे उणे झालेले मला दिसलेले नाही.

याउलट माहिती तंत्रज्ञान, बँका, विमा आणि कारखान्यांची व्यवस्थापने यांत आलेला उच्चशिक्षित मराठी वर्ग पाहावा. दहा-दहा वर्षे राहूनही रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापलीकडे ज्यांची मजल गेली नाही, अशी कुटुंबे मी अनेक पाहिली आहेत. साहेबांशी इंग्रजी, बिहार-ओडिशाहून आलेल्या कामगाराशी हिंदी, घरात मराठी, आणि ज्यांच्या गावात राहतो त्यांच्या भाषेत कोणाशीच काही नाही, असा त्यांचा दिनक्रम असतो. दुकानदाराला हिंदी समजली नाही की त्यांना राग येतो. मुंबईतल्या दुकानदाराला मराठी समजली नाही म्हणून हेच गृहस्थ समाजमाध्यमावर लांबलचक लिहितात आणि दोन्ही प्रसंगी त्यांना आपली बाजू न्यायाची वाटते.

याची सर्वात ठळक खूण मुलांच्या शाळेच्या निवडीत दिसते. महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले आणि आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. तमिळनाडूने असाच कायदा २००६ मध्ये केला. पहिलीपासून सुरुवात करून दरवर्षी एकेक इयत्ता पुढे नेत तमिळ सक्तीची झाली आणि पुढे इतर मंडळांच्या शाळाही तिच्या कक्षेत आणल्या गेल्या. इथल्या मराठी पालकांच्या बैठकीत मात्र या कायद्याची चर्चा निघते ती सुटका कशी होईल या अंगाने. बदलीवर आलेल्यांना सवलत मिळते का, कोणत्या शाळेत तमिळऐवजी हिंदी किंवा फ्रेंच घेता येते, कोणती शाळा या बाबतीत सैल आहे, अशी विचारपूस चालते. मूल सहा-सात वर्षांचे असताना खेळता-खेळता येणारी भाषा त्याच्यापासून दूर ठेवायची आणि ते सोळाव्या वर्षी ‘मला इथे मित्र नाहीत’ म्हणाले की, तमिळ लोक तुटक आहेत असा निष्कर्ष काढायचा. महाराष्ट्रातल्या अमराठी पालकांनी असे केले, तर आपण त्याला काय म्हणू, हे प्रत्येकाने आपल्याशी ठरवावे.

तमिळ लोक भाषेबाबत हटवादी आहेत, हा आक्षेप मी वारंवार ऐकतो. महाराष्ट्राने २०२५ च्या उन्हाळ्यात अडीच महिने जी अस्वस्थता अनुभवली, ती हा प्रदेश राजाजींच्या मंत्रिमंडळाने मद्रास प्रांतातल्या शाळांत हिंदी आणली तेव्हापासून, म्हणजे १९३७-३८ पासून अनुभवतो आहे. १९६५ च्या आंदोलनात माणसे गेली, आणि १९६८ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने तमिळ व इंग्रजी असे दोनच भाषांचे धोरण विधानसभेच्या ठरावाने स्वीकारले. ज्याला महाराष्ट्रातला विरोध समजतो, त्याला हा हट्ट समजायला अडचण पडू नये. शिवाय हिंदीचा आग्रह नसलेल्या मराठी माणसाला इथे कोणी परके मानल्याचे मी पाहिलेले नाही. दोन वाक्ये मोडकी-तोडकी बोलली तरी समोरचा खुलतो, आणि लगेच स्वतःच्या मोडक्या हिंदीत तुमची सोय करायला धावतो.

दुसरी एक आठवण इथल्या ज्येष्ठांच्या बोलण्यात अधूनमधून येते, आणि ती ऐकताना मला संकोच वाटतो. १९६६ नंतरच्या काही वर्षांत मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध जी मोहीम चालली, तिची झळ बसलेले टंकलेखक, लघुलेखक आणि उडुपी हॉटेलांतले कामगार इथेही कोणाचे तरी काका-मामा होते. त्यांतले अनेक माटुंग्यात, चेंबूरला किंवा धारावीत टिकून राहिले, मराठी शिकले, त्यांची मुले मराठी नाटकांना जाऊ लागली. हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, पण इथे सांगितला जातो, आणि तोही कौतुकाने : आमच्या मामाला मराठी चांगली येते.

भाषा न शिकण्याची किंमत निव्वळ सामाजिक नसते. मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी कामगारांवर हल्ले होत असल्याच्या खोट्या चित्रफिती देशभर फिरल्या आणि कोइमतूर-तिरुपूरच्या कारखान्यांतून कामगार भीतीने गावी निघाले. पोलिसांना आणि जिल्हा प्रशासनाला खुलासे करीत फिरावे लागले. आमच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवरही त्या चित्रफिती आल्या आणि ‘मुलांना शाळेत पाठवावे का?’ इथवर चर्चा गेली. ज्यांना तमिळ वृत्तपत्र वाचता येत होते किंवा शेजाऱ्याशी धड बोलता येत होते, ते निर्धास्त होते. बाकीचे पुण्या-मुंबईहून आलेल्या मेसेजांवर आपल्याच गल्लीची खबर ठरवत होते.

तमिळ फार अवघड आहे, हीही एक सबब आहे. लिपी वेगळी आहे खरी, पण अक्षरे मोजकी : १२ स्वर, १८ व्यंजने. क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच अक्षर असल्याने वाचताना सुरुवातीला चाचपडावे लागते. बसच्या पाट्या मात्र थोड्याच आठवड्यांत वाचता येतात. मराठी माणसाला काही गोष्टी आयत्याच मिळालेल्या आहेत. ‘ळ’ आपल्या जिभेवर आहे, जो हिंदी भाषकाला कष्टाने कमवावा लागतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला जो भेद आपण सहज पाळतो, तोच तमिळमध्येही आहे. तीन वर्षांसाठी बदलीवर आलेल्यांनी व्याकरणाच्या मागे लागू नये हे मला मान्य आहे; पण आकडे, वेळ, दिशा, नात्यांची संबोधने आणि आदरार्थी क्रियापदे एवढे कोणालाही तीन महिन्यांत येते. तेवढेही करायचे नसेल, तर मग मुंबईत पाच वर्षांसाठी आलेल्या बँक अधिकाऱ्याकडून आपण कशाच्या बळावर अपेक्षा ठेवणार?

माझी सूचना परराज्यांतल्या मराठी मंडळांना आहे. आपल्या मंडळांचे वर्ष गणेशोत्सव, दिवाळी पहाट, कोजागिरी आणि हळदीकुंकू यांत सरते. हे कार्यक्रम असावेतच. त्यांच्या जोडीला दरवर्षी जूनमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी स्थानिक भाषेचा एक छोटा वर्ग का असू नये? शिकवायला बाहेरून कोणी आणण्याची गरज नाही. कोइमतूरपुरते सांगायचे तर गलाई व्यावसायिकांची इथेच वाढलेली मुले-मुली हे काम उत्तम करतील, आणि त्या निमित्ताने मंडळाच्या पहिल्या रांगेत बसणारे व गेली कित्येक वर्षे सभागृहाच्या मागच्या दाराशी उभे राहून आरती करून परतणारे, यांची एकमेकांशी ओळख तरी होईल. ही दरी भाषेच्या प्रश्नाहून जुनी आहे आणि ती आपण महाराष्ट्रातूनच सोबत आणली आहे, हेही नमूद करतो.

गणेशोत्सवात आणखी एक गोष्ट सहज करता येईल. मंडपातली निवेदने मराठीत होतात, प्रायोजकांसाठी इंग्रजीत होतात, आणि अलीकडे हिंदीतही होऊ लागली आहेत. ज्या सभागृहात उत्सव होतो त्याचा रखवालदार, मांडववाला, बंदोबस्ताचा हवालदार आणि ढोल-ताशाचा आवाज मुकाट्याने सोसणारा शेजारी यांच्यासाठी तमिळमध्ये एक अक्षर नसते. निमंत्रणपत्रिकेची एक बाजू तमिळमध्ये छापावी आणि ती गल्लीतल्या घरोघरी मंडळाच्या मुलांनी नेऊन द्यावी. कोळुकट्टै म्हणजे उकडीच्या मोदकाचाच भाऊ असल्याने, प्रसाद काय आहे हे समजावून सांगण्याचे श्रम तरी वाचतील.

आपल्या वृत्तपत्राचे वाचक भारतभर आहेत. परराज्यांत राहणाऱ्या इतर मराठी वाचकांनी आपापल्या शहरातला अनुभव, विशेषतः मुलांना स्थानिक भाषेच्या शाळेत किंवा वर्गात घातल्याचा, या स्तंभातून कळवावा, अशी विनंती आपल्यामार्फत करतो. ज्या मंडळांनी असे वर्ग आधीच चालवले आहेत, त्यांनी ते कसे चालवले, किती दिवस टिकले आणि बंद पडले असल्यास का पडले, तेवढे लिहिले तरी आमच्या इथल्या मंडळापुढे काही ठोस ठेवता येईल.

कळावे,

आपला,
कोइमतूर येथील एक कोल्हापूरकर वाचक